टेकाडावरचं पांढरं

लझरने नकाशा उलगडला तेव्हा सल्हाने कुसकुसची परात अजून उचललीही नव्हती. तेलाचा एक थेंब कागदावर पडला आणि लझर असा ओरडला की अंगणातल्या कोंबड्या अंजिरामागे पळाल्या.

"वहिनी! ऐंशी वर्षांपूर्वीच्या नकाशाची नक्कल आहे ही! राजधानीच्या दप्तरखान्यात तीन दिवस चपला झिजवल्या मी."

"तीन दिवस थांबलात ना भावजी, मग जेवण उरकेपर्यंतही थांबायचं होतं," सल्हा म्हणाली आणि परात उचलून घेतली. पण आत काही गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मुल्दीने हात सदऱ्याला पुसले आणि तो पुढे सरकला. त्याला वाचता येत नव्हतं. धाकट्याला शिकवायचं म्हणून थोरल्याने शेळ्या राखल्या, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे आणि कुणी विसरतही नसे. लझर आता अल-काफच्या शाळेत भूगोल शिकवत होता, आणि उद्या जे होणार होतं त्यात भूगोलाचंच काम होतं. दोन्ही सरकारांचे मोजणीदार सकाळी टेकाडावर येणार होते. हद्दीचा दगड रोवला जाणार होता. आजवर हद्द म्हणजे आमच्याकडे बोलण्याची गोष्ट होती. शेळ्यांना ती कधी दिसली नाही आणि शिपायांनी, चहा मिळतोय तोवर, ती फारशी दाखवलीही नाही. दगड आला की मागून तार येणार, हे सगळ्यांना कळत होतं.

"हे बघ दादा," लझरने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा साठ वर्षांपूर्वीचा फ्रेंचांचा नकाशा. दोन्ही सरकारं हाच मानतात. यात लिहिलंय, रेघ सीदी बूशजराच्या मजारीतून जाते. आता मजार कुठली? आपण सगळे म्हणतो ही खालची, अंगणासमोरची. म्हणजे रेघ आपल्या दारातून, आणि झरा पलीकडे."

"मग? आहेच ते तसं."

"थांब की. हा दुसरा त्याहून वीस वर्षांनी जुना. यात मजार कुठे आहे बघ. वर! खिंडीत! जिथे आता नुसता दगडांचा ढीग पडलाय तिथे. पीराची खरी कबर वरची असेल, तर रेघही वरूनच जाते. झरा आपला. खिंडीखालची सगळी पट्टी आपली."

मुल्दीने डोकं खाजवलं. "अरे, पीर आधी वरच होते. बर्फाच्या साली बायकांना चढवेना म्हणून एका रात्रीत स्वतः खाली उतरले. शेंबड्या पोराला ठाऊक आहे हे."

"मोजणीदारांना हे सांगून बघ उद्या. पीर उतरले त्याची पावती मागतील."

मुल्दी हसला, पण त्याची नजर खालच्या ऑलिव्हच्या झाडांकडे गेली. एकशे दहा झाडं होती. बापाने अर्धी लावली, अर्धी त्याने. सगळी झऱ्याच्या पाटावर वाढली होती. पलीकडच्या सरकारने पाट बंद केला तर दोन उन्हाळ्यांत जळण होणार होतं त्यांचं. गेले चार महिने तो रात्री नीट झोपला नव्हता, आणि हे फक्त सल्हाला माहीत होतं.

"उद्या ते गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारणार आहेत," लझर म्हणाला. "शपथेवर. एकच प्रश्न. पीराची कबर कुठली?"

आता सगळे भिंतीपाशी बसलेल्या हफसियाकडे वळले. शहात्तर वर्षांची म्हातारी मांडीवर सूप घेऊन मसूर निवडत होती. हनुवटीवरचं गोंदण सुरकुत्यांत हरवलं होतं, पण खडा हेरणारे डोळे शाबूत होते.

"एवढंच विचारणार?" तिने मान वर न करता विचारलं.

"एवढंच, आई."

"मग खरं तेच सांगीन. पीर वर आहेत. खाली कधी उतरलेच नाहीत."

लझरने मांडीवर थाप मारली. मुल्दी तोंड उघडं टाकून बघत राहिला. सल्हाच्या हातातली परात मात्र कलंडली.

"उतरले नाहीत म्हणजे? मग तीस वर्षं मी तिथे मेणबत्त्या कुणाला लावल्या, मामी?"

हफसियाने सूप झटकलं, एक खडा उचलून अंगणात भिरकावला आणि गुडघ्यावर हात देत उठली. "शेळ्या ओरडताहेत," म्हणाली. शेळ्या काही ओरडत नव्हत्या.

*

बातमीला आमच्या डोंगरात पाय नसतात, पंख असतात. चहा उकळतोय तोवर अकिला आणि तय्यब दारात हजर. त्यांचं घर झऱ्याच्या वरच्या अंगाला, चालत पाव तासाचाही रस्ता नाही. लझर ज्या पट्टीला 'आपली' म्हणत होता, तिच्या बरोबर मधोमध. अकिला या घरची लेक, मुल्दीच्या पाठची. साटंलोटं झालं तेव्हा ती तिकडे गेली आणि तय्यबची बहीण सल्हा इकडे आली. त्यामुळे तय्यब या घराचा जावईही होता आणि मुल्दीचा मेव्हणाही, आणि रागावला की कुठल्या नात्याने रागावलाय हे त्यालाही कळत नसे.

आज मात्र त्याने बुर्नूस, तो टोपीचा लोकरी झगा, अंगावरून उतरवलासुद्धा नाही. पाहुण्यासारखा उभा राहिला.

"मास्तर, ऐकलं ते खरं का? रात्री मी माझ्या देशात झोपणार आणि सकाळी तुमच्यात उठणार?"

"दाजी, बसा तरी. घर तुमचंच राहील. फक्त कागद बदलेल."

"फक्त कागद!" तय्यबचा आवाज चिरकला. "माझा भाऊ अमर या फक्त कागदासाठी मेला, लझर. घरामागे ऑलिव्हखाली पुरलाय. मी सात वर्षं फ्रेंचांशी लढत डोंगरात काढली, पायात गोळी घेऊन आलो. का? अमरच्या डोक्यावर दुसरा झेंडा लागावा म्हणून?"

"आमचा झेंडा काय तुमच्या दुश्मनाचा आहे?" मुल्दी म्हणाला. "त्या सात वर्षांत तुझ्या माणसांना भाकरी कुणी पोचवली? या घरानं. सल्हाच्या डोक्यावरून."

"म्हणून आता परतफेड म्हणून घर घेणार?"

"घर कोण मागतंय? पाणी मागतोय!"

सल्हाने चहाचे पेले भरायला घेतले. सकाळपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची होती. तिच्याच हाताने तिने त्या झाडांची ऑलिव्हं झोडपली होती. पण भावाचा लंगडणारा पाय तिच्या नजरेला पडला आणि तिने पहिला पेला त्याच्यापुढेच धरला. मुल्दीने ते बघितलं.

"रेघ वर गेली," तय्यब पेला न घेता म्हणाला, "तर मी घराला कुलूप लावीन आणि अन्नाबाला मुलाकडे जाईन. अकिलाला घेऊन. अमरची हाडं काढून नेईन, पण इथे राहणार नाही. हे पक्कं समजा."

"आणि रेघ खाली राहिली तर?" मुल्दीने विचारलं.

इथे गप्प बसला असता तर तय्यब जिंकला असता. पण रागाने तोंड उघडलं की अक्कल मागल्या दाराने जाते.

"तर पाण्यासाठी माझ्या दारात या. मागा. मग बघू."

सल्हाने भरलेला पेला परत किटलीत ओतला. "दादा," ती हळूच म्हणाली, "माझी पोरं त्या पाण्यावर वाढली. ती तुझी भाचरं आहेत. तू काय बोललास कळलं का तुला?"

तय्यबला कळलं होतं. म्हणूनच तो तोंड फिरवून लंगडत फाटकाबाहेर गेला. अंगणात दोन्ही नकाशे वाऱ्यावर फडफडत राहिले, आणि लझरला पहिल्यांदाच वाटलं की ते दप्तरखान्यातच राहिले असते तर बरं झालं असतं.

*

अकिला नवऱ्यामागे गेली नाही. ती आईला शोधत टेकाडावर गेली.

खालची मजार म्हणजे काही मोठं बांधकाम नव्हे. कमरेएवढा दगडी कट्टा, त्याला गोलसर माथा, शेजारी एक जुना ओक. कोनाड्यात मेणाचे ओघळ, फांद्यांना बायकांनी बांधलेल्या चिंध्या. हफसिया बादलीत चुना कालवत होती. दर वसंतात ती हे काम स्वतः करी, कुणाला कुंचल्याला हात लावू देत नसे.

"उद्या दगड रोवायचाय आणि आज रंग कसला देतेस?"

"पाहुणे येणार ना."

अकिला ओकाच्या मुळावर बसली. बावन्न वर्षांची, दोन नातवंडांची आजी, पण आईसमोर बसली की तिचा आवाज लहान होई.

"आई, खालची म्हण उद्या. एवढंच म्हण."

"खोटी शपथ घेऊ?"

"तय्यब खरंच जाईल. ओळखतेस तू त्याला. अन्नाबात चौथ्या मजल्यावर राहतो मुलगा. खिडकीतून समोरची भिंत दिसते. मी तिथे मरेन, आई. तुझ्या मयतीला पोचायला मला सरहद्दीवर शिक्का लागेल."

हफसियाचा कुंचला थांबला.

"एक सांग मग," अकिलाचा धीर सुटला. "मला सात वर्षं मूल नव्हतं. सासू दुसरी आणायला निघाली होती. तूच माझा हात धरून मला इथे आणलंस. इथे मेणबत्ती लाव म्हणालीस, इथे माग म्हणालीस. तू स्वतः रडलीस इथे डोकं टेकून. पीर वर आहेत हे ठाऊक होतं, तर मला इथे कुणाच्या पायाशी घातलंस?"

म्हातारीने कुंचला बादलीत उभा केला. लेकीच्या गालावर हात ठेवला. चुन्याची पाच बोटं तिथे उमटली.

"घरी जा," ती म्हणाली. "त्याला जेवायला घाल. आणि सामान बांधू नकोस."

*

सकाळी दोन जीपगाड्या आल्या, एक या बाजूने, एक त्या बाजूने. आपल्याकडचा मोजणीदार तरुण होता, काळा चष्मा लावलेला. पलीकडचे साहेब वयस्क, जाड मिशांचे, आल्या आल्या त्यांनी कोनाड्याला हात लावून तो ओठांना लावला. सल्हाने दोघांनाही ऑलिव्हचं तेल, मध आणि भट्टीतली गरम भाकरी दिली. तीन पायांवर दुर्बीण उभी राहिली. तय्यब लांब, एकटा, एका खडकाला टेकून उभा होता. रात्रभरात तो म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

लझरने आपली जुनी नक्कल तरुण मोजणीदाराच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि साहेबांना दाखवली. दोघांत कुजबुज झाली.

"नकाशात लिहिलंय मजार," साहेब म्हणाले. "खूण एकच, आणि टेकाडावर जागा दोन. म्हणून, आजी, तुम्हालाच विचारतो." स्वच्छ रुमालावर कुराण ठेवलं होतं. "सीदी बूशजरांची कबर कुठली?"

हफसियाने तळवा कुराणावर ठेवला. "वरची. खिंडीतली."

लझरने मुल्दीचा खांदा दाबला. तय्यबने काही न बोलता पाठ फिरवली आणि उताराला लागला. अकिलाने पदर तोंडावर घेतला.

"तय्यब, थांब!" म्हातारीचा आवाज टेकाडभर गेला. जावयाला तिने आजवर नावाने हाक मारली नव्हती. तो थांबला. "साहेब, तुम्ही एकच प्रश्न आणलात. आता दुसरा मी सांगते तो विचारा. नकाशा काढणाऱ्यानं जे पांढरं बघितलं, ते कुठलं?"

साहेबांनी आपला वाचायचा चष्मा कपाळावर सरकवला. "विचारलं. ते कुठलं?"

"हे." तिने कट्ट्यावर हात ठेवला. कालचा चुना अजून ओलसर होता. "आणि यात पीर नाहीत. माझी मुलगी आहे."

दूर एक गाढव ओरडलं आणि थांबलं.

"मुल्दीच्या आधीची," ती सांगू लागली. जणू बाजारातून काय आणलं ते सांगावं, अशा आवाजात. "माझा नवरा, बेलकासम, फ्रेंच अधिकाऱ्याबरोबर होता. त्याचं ते तीन पायांचं टेबल पाठीवर घेऊन डोंगर डोंगर फिरत होता. पाच महिने घरी नाही. त्या हिवाळ्यात ती झाली. सातव्या दिवशी बकरू कापून नाव ठेवलं. नवव्या दिवशी गेली. बर्फ कमरेएवढं. कबरस्तान वर, पीरांपाशी. सासरा म्हणाला, वर नाही जमायचं. या ओकाखाली बर्फ पातळ होतं, इथे खणलं त्यानं. बर्फ वितळल्यावर मी दगड रचले आणि चुना दिला. तान्ह्या पोराच्या कबरीला कुणी चुना देत नाही, माहीत आहे मला. पण चुलीपाशी बसून मला ती दिसायला हवी होती."

मुल्दीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मग एक दिवस समोरच्या डोंगरावर फ्रेंचानं टेबल मांडलं. माथ्यावर धुकं, खिंड दिसेना. इथला तेवढा पांढरा ठिपका दिसला. त्यानं बेलकासमला विचारलं, ते काय? आपल्या डोंगरात पांढरं म्हणजे पीर, दुसरं काय असतं? बेलकासम म्हणाला, आमचे सीदी बूशजरा. त्यानं लिहून घेतलं. संध्याकाळी बेलकासम घरी आला, पाय धुतले, आणि मला म्हणाला, बाळ दाखव."

अकिला हळूहळू चालत आईपाशी आली आणि जमिनीवर बसली.

"दुसऱ्या दिवशी निघाला तो, साहेबाला चूक सांगायला. ओढ्यापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी मला म्हणाला, हफसिया, त्याच्या खिशात रबर असतं. मी सांगितलं तर तो तिला पुसेल. एकदा गेलीय ती. पुन्हा माझ्या तोंडानं नको." तिने श्वास घेतला. "म्हणून राहिली रेघ इथे. तुमची दोन सरकारं आली, फ्रेंच गेले, लढाया झाल्या, रेघ राहिली. पीर खाली उतरले असं बायका म्हणायला लागल्या. मी नाही म्हटलं नाही. मेणबत्त्या लावायच्या, गाणी म्हणायच्या. पोरीला सोबत व्हायची."

मग तिने अकिलाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला तुझ्या बहिणीच्या पायाशी घातलं होतं, बाळ. म्हटलं, ती ऐकेल."

अकिला मोठ्याने रडली, आणि तिच्याबरोबर सल्हाही. दोघी कित्येक वर्षांत अशा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या नव्हत्या.

तरुण मोजणीदाराने चष्मा उतरवला होता. "आजी," तो अडखळत म्हणाला, "मग रेघ इथेच ठरते. झरा पलीकडे जातो. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. मला दोन मुली आहेत. एकीचं घर वाचवायला दुसरीचं सांगावं लागलं. मुलगे माझे हातापायांनी धड आहेत, ते बघतील."

मुलगे म्हणजे मुल्दी. तो टोपी चुरगाळत उभा होता. "सत्तावन्न वर्षं मला थोरला, थोरला म्हणून राबवलंत," तो शेवटी म्हणाला. "आणि मी थोरला नव्हतोच."

तेवढ्यात तय्यब लंगडत वर आला. कट्ट्यापाशी येऊन त्याने बुर्नूसची टोपी मागे टाकली, मान खाली घातली. मग मुल्दीकडे न बघता म्हणाला, "दुपारी फावडं घेऊन ये. पाट मोठा करू. दगड रोवला तरी पाणी उताराकडेच जातं." थोडं थांबून म्हणाला, "कालचं बोललो ते मी नव्हतो. माझा पाय बोलत होता."

"तुझा पाय नेहमीच जास्त बोलतो," मुल्दी म्हणाला. दोघांनी हात मिळवला नाही, पण शेजारी शेजारी उभे राहिले.

साहेबांनी आपल्या माणसांना खुणावलं. दगड मजारीवर रोवायचा नाही, सात पावलं बाजूला रोवायचा आणि अंतर नोंदीत लिहायचं, असं ठरलं. मग त्यांनी जाड वही गुडघ्यावर घेतली.

"खुणेचं नाव लिहावं लागतं," ते म्हणाले. "जुन्या नकाशात पीरांचं नाव आहे. पीर इथे नाहीत, तर मला ते लिहिता येणार नाही." त्यांनी तरुणाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. "आजी, मुलीचं नाव काय?"

हफसियाने कट्ट्याकडे पाहिलं. नाव ठेवणारे सासूसासरे गेले होते, बेलकासम गेला होता. साठ वर्षांत ते नाव तिने मनात हजारदा घेतलं होतं, तोंडाने एकदाही नाही.

"यामना," ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं, सही केली, वही तरुणाकडे दिली. त्याने सही केली. मग वही हफसियासमोर धरली. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, जिथे काही नव्हतं तिथूनही.

"लझर, इकडे ये. तुला येतं वाचता. काय लिहिलंय?"

लझर वाकला. तीन दिवस दप्तरखान्यात बसून ज्याने बारीक बारीक अक्षरं उतरवून घेतली होती, त्याला हे एक नाव धड दिसेना. त्याने बाहीने डोळे पुसले.

"यामना, बेलकासमची मुलगी," त्याने वाचलं.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.